पडलेले व्होल्ट पडतात कुठे?

चि. मनू,


तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला आणि तक्रारी कागदावर उतरवून घेतल्या. एक, शॉवर सुरू केला की जिन्यातला दिवा मिचकतो. दोन, थंडी पडल्यापासून पाणी कोमटच येतं. तीन, बिल. आणि चौथी गोष्ट तू जाता जाता म्हणालीस: बाथरूमच्या छताला दोरीचा स्विच आहे, त्याच्याजवळ अधूनमधून ‘कसलासा’ वास येतो. एवढं बोलून लगेच विषय बदललास. निदानही तूच करून टाकलंस, “मामा, इथेसुद्धा व्होल्टेज पडतं!”

इचलकरंजीत लहानाची मोठी झालेल्या मुलीला असं वाटणारच. मागांच्या शेड सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो, हे तू पाहत आलीस. माझं तर आयुष्य त्या शेडमधल्या वायरिंगमध्ये गेलं. पण तुझ्या चार तक्रारींचं कारण एक नाही. पहिली बहुतेक निरुपद्रवी आहे. दुसरीचा विजेशी फारसा संबंध नाही. तिसरी निव्वळ हिशेबाची. आणि जिच्यावरून तू घाईघाईने पुढे गेलीस ती चौथी एकटी गंभीर आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. एकही स्क्रू न उघडता बरंच काही मोजता येतं. तुझ्यासारखी कितीतरी मराठी मुलंमुली तिकडे ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरात असाच शॉवर वापरतात, म्हणून हे पत्र मी छापायला दिलं आहे. रागावू नकोस.

आधी ते यंत्र समजून घे. आपल्याकडचा गीझर म्हणजे टाकी. दोन किलोवॉटची कॉइल पंधरा-वीस मिनिटं पाणी तापवते, मग आपण बादली भरतो. तुझ्या भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्यात टाकी नाही. नळाचं गार पाणी एका बाजूने आत शिरतं, कॉइलवरून वाहतं आणि काही सेकंदांत गरम होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. साठवायला वेळच नाही, म्हणून सगळी उष्णता त्याच क्षणी द्यावी लागते. त्यामुळे हे शॉवर साडेआठ, साडेनऊ, साडेदहा किलोवॉटचे असतात. आपल्या घरातले पंखे, दिवे, फ्रिज, मिक्सर, टीव्ही असं सगळं एकदम लावलं तरी तिथपर्यंत पोचणं कठीण. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत गरम पाणी माळ्यावरच्या टाकीच्या दाबावर यायचं, म्हणजे धार मरतुकडी. थेट मेनच्या दाबावर चालणारा हा डबा तिथे लोकप्रिय झाला तो त्यामुळेच.

डब्यावरचं लेबल वाच. त्यावर दोन आकडे असतील, उदाहरणार्थ ‘२४० व्होल्टला ९.५ किलोवॉट, २३० व्होल्टला ८.७’. हा शॉवर दोन प्रकारे चालतो असं नव्हे. कॉइलचा रोध तोच आहे, सुमारे ६ ओहम. व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो आणि पॉवर वर्गाच्या प्रमाणात घसरते. ब्रिटनने १९९५ मध्ये युरोपशी जुळवून घेण्यासाठी कागदावरचं व्होल्टेज २४० चं २३० केलं, पण तारांमधली वीज होती तिथेच राहिली. मर्यादाच अशी ठेवली, वर १० टक्के आणि खाली ६ टक्के, की जुनं २४० तिच्यात आरामात बसावं. म्हणून आजही तिकडच्या बऱ्याच घरांत प्लगमध्ये २४० च्या वरचा आकडा दिसतो. खोक्यावर मात्र मोठाच आकडा छापतात, कारण तोच खपतो.

त्या मर्यादेत राहूनसुद्धा फरक किती पडतो बघ. खालचं टोक २१६ व्होल्ट, वरचं २५३. तुझा ‘साडेनऊ’चा शॉवर खालच्या टोकाला ७.७ किलोवॉट देईल आणि वरच्या टोकाला साडेदहा. दोन्ही कायदेशीर.

आता मोजणीला लागू. प्लगमध्ये बसवून व्होल्ट दाखवणारं एक छोटं एनर्जी मीटर मिळतं, ते घे. बाथरूमपासून लांब, झोपण्याच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लाव. (तिकडच्या बाथरूममध्ये साधा सॉकेट सहसा नसतो, हे फार शहाणपणाचं आहे. आपल्याकडे गीझरचा प्लग शॉवरच्या हाताशी बसवणाऱ्या वायरमनांना तिकडे एकदा धाडलं पाहिजे.) किटली, वॉशिंग मशीन, ओव्हन बंद ठेव. शॉवर बंद असताना व्होल्ट लिही, मग कुणाला तरी पूर्ण तापमानावर सुरू करायला सांग आणि पुन्हा लिही. एकदा करून थांबू नकोस, कारण गल्लीतल्या इतरांच्या वापरानेही आकडा हलत असतो. पाच-सहा वेळा चालू-बंद करून जो फरक सारखा येतो तो घे.

समज, बंद असताना २४४ आणि चालू असताना २३८. सहा व्होल्ट पडले. करंट साधारण ३९ अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून तुझ्या मीटरच्या पेटीपर्यंतच्या तारांचा रोध सुमारे ०.१५ ओहम. ज्या जोडणीत न्यूट्रल आणि अर्थ रस्त्यातून एकाच तारेने येतात, तिच्यासाठी तिकडे ०.३५ ओहम ही वरची मर्यादा सांगितली जाते. तुझं त्याच्या निम्म्याच्या आत आहे. सहा व्होल्टने जुना काचेचा बल्ब आठेक टक्के मंद होतो आणि डोळ्याला ते लगेच कळतं. एलईडी दिवा चांगला असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. स्वस्तातला असेल किंवा डिमरवर असेल तर मिचकतो. जिन्यातला दिवा बदलून बघ, पहिली तक्रार बहुधा तिथेच मिटेल.

इथे एक बारकी गोष्ट आहे आणि ती शिकलेली माणसंही चुकतात. सॉकेटवर तुला दिसलेले सहा व्होल्ट हे पेटीच्या आधी, रस्त्यात पडलेले आहेत. पेटीपासून शॉवरपर्यंत जी स्वतंत्र जाड केबल जाते, तिच्यात जे पडतात ते झोपण्याच्या खोलीतल्या सॉकेटवर दिसूच शकत नाहीत, कारण ती वाट वेगळी आहे. ते गणिताने काढावे लागतात. तिकडे अशा शॉवरला बहुधा १० चौरस मिलिमीटरची केबल घालतात. ब्रिटिश नियमपुस्तकातल्या तक्त्यात तिच्यासाठी दर अँपिअरला, दर मीटरला ४.४ मिलिव्होल्ट असा आकडा आहे, जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा धरून. वीस मीटर लांबी आणि ३९ अँपिअर म्हटलं तर साडेतीन व्होल्टच्या आसपास. तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची असेल तर आकडा ७.३ होतो आणि पावणेसहा व्होल्ट पडतात. नियमपुस्तक घराच्या आत, दिवे सोडून बाकी वापराला ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेअकरा व्होल्टपर्यंत मुभा देतं. दोन्ही केबली या परीक्षेत पास.

पण व्होल्टेजच्या परीक्षेत पास झालेली ६ ची केबल तापण्याच्या परीक्षेत नापास होऊ शकते. घरमालक जुना साडेसात किलोवॉटचा डबा काढून त्याच केबलवर साडेनऊचा चढवतो आणि वर माळ्यावर उष्णतारोधक लोकरीचा जाड थर पसरतो. उघड्या भिंतीवर ६४ अँपिअर पेलणारी १० ची केबलसुद्धा त्या थराखाली जवळपास निम्म्यावर येते. ६ ची तर त्याहून खाली. व्होल्टमीटरला यातलं काही कळत नाही. तुझ्याकडे कुठली केबल आहे आणि ती कुठून नेली आहे, हा प्रश्न घरमालकाला विचारायचा.

आता पॉवर. स्मार्ट मीटरबरोबर मिळालेला घरातला डिस्प्ले किलोवॉट दाखवतो, पण तो दर दहाएक सेकंदांनी बदलतो. त्याहून चांगलं साधन मीटरच्याच अंगावर आहे: लुकलुकणारा लाल ठिपका. शेजारी ‘१००० इंपल्स प्रति किलोवॉट-तास’ असं लिहिलेलं असेल, तर दर लुकलुकीला एक वॉट-तास वीज मोजली गेली. शॉवर चालू असताना हा ठिपका सेकंदाला अडीच वेळा लुकलुकतो, नुसत्या डोळ्यांनी मोजताना गोंधळ होतो. मोबाइलवर त्याचा एक मिनिट व्हिडिओ घे आणि हळू चालवून मोज. मिनिटाला जितके ठिपके, त्याला साठने गुणून हजाराने भाग, आले किलोवॉट. फ्रिज वगैरेचं आधीचं लुकलुकणं वजा करायला विसरू नकोस. १५३ आले तर ९.२ किलोवॉट.

हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो, आणि तो प्रयोग करायला तुझ्याइतक्या योग्य गावात दुसरं कुणी राहत नसेल. तुझ्या सेल गावातल्या ब्रुकलँड्स दफनभूमीत जेम्स प्रेस्कॉट जूलची कबर आहे. बाजूच्या सॅल्फर्डमधल्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा. विद्यापीठात नोकरी नाही, प्रयोगशाळा घरातच. १८४०-४१ च्या सुमारास त्याने पाण्यात बुडवलेल्या तारेतून करंट सोडला, पाणी किती तापतं ते थर्मामीटरने मोजलं आणि नियम मांडला: उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. तुझा शॉवर म्हणजे तोच प्रयोग, फक्त पाणी वाहतं आहे. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती काम लागतं, याचं १८७८ मधलं त्याचं मोजमाप. आयुष्यभर तो हा एकच आकडा सुधारत राहिला. एखाद्या रविवारी बघून ये.

तुला लागेल एक बादली, मोबाइलचं घड्याळ आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर. बादलीत दहा लिटरची खूण कर. शॉवरची तोटी बादलीच्या आत धर, कारण वरून पडताना पाणी हवेत गार होतं. दहा लिटरला किती सेकंद लागले ते लिही आणि पाणी ढवळून तापमान घे. गार नळाच्या पाण्याचं तापमान आधीच घेतलेलं असू दे, तेही मिनिटभर पाणी वाहू दिल्यावर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात. समज, गार पाणी ९ अंश, गरम ४० आणि बादली १४३ सेकंदांत भरली. दहा गुणिले ४.१९ गुणिले ३१, भागिले १४३, उत्तर ९.१ किलोवॉट. मीटर ९.२ म्हणतो, त्यातले शंभर-सव्वाशे वॉट वाटेत केबलीने खाल्ले. कागदावर छान जुळतं. प्रत्यक्षात एवढं जुळलं तर मला संशय येईल, कारण थर्मामीटर एका अंशाने चुकला तरी उत्तर तीन टक्क्यांनी हलतं.

आता कोमट पाण्याचा निकाल लावू. तापमानातली वाढ म्हणजे किलोवॉट गुणिले १४.३, भागिले मिनिटाला येणारे लिटर. नऊ किलोवॉट आणि चार लिटर असतील तर बत्तीस अंश. सहा व्होल्ट पडल्याने पॉवर पाच टक्के घटते, म्हणजे दीड अंशाचा फरक. उलट तिकडे जमिनीखालच्या पाइपातलं पाणी उन्हाळ्यात सोळा-सतराच्या घरात असतं आणि हिवाळ्यात पाच-सहावर येतं, म्हणजे दहा अंशांचा फरक. तेवढे भरून काढायला तीन किलोवॉट जास्तीचे लागतील, आणि ते त्या डब्यात नाहीत. व्होल्टेजला दोष देऊ नकोस. उन्हाळ्यात पाच-सहा लिटरची धार घेत होतीस, ती आता चारवर आण. आपल्या आंघोळीच्या मानाने चार लिटर काही कमी नाहीत. पाच मिनिटांत एक बादली होते, आणि आईने तुला एका बादलीतच वाढवलं.

बिलाचं फार बोलत नाही. आठ मिनिटांची आंघोळ ९.२ किलोवॉटने म्हणजे सव्वा युनिट. पंचवीस पेन्सचा दर धरला तर एका आंघोळीला एकतीस पेन्स, दोघांच्या महिन्याला अठरा-एकोणीस पौंड. नऊ किलोवॉट ऐकून माणूस घाबरतो, पण शॉवर मिनिटं चालतो आणि खोलीतला दोन किलोवॉटचा हीटर रात्रभर. बिलात वाढ कुठून आली ते त्या हीटरला विचार.

राहिला वास.

व्होल्टेज किती पडलं यापेक्षा ते कुठे पडलं हे महत्त्वाचं. केबलीतले साडेतीन व्होल्ट वीस मीटरभर पसरलेले असतात. उष्णता होते एकशे तीस वॉटच्या आसपास, मीटरला सहा-सात वॉट. केबल कोमट होते, इतकंच. आता हेच साधारण चार व्होल्ट एका सैल स्क्रूपाशी पडले असं धर. रोध फक्त ०.१ ओहम. जूलचा तोच नियम लाव: चाळीस गुणिले चाळीस गुणिले ०.१, म्हणजे एकशे साठ वॉट. जुना शंभर वॉटचा बल्ब किती चटका द्यायचा ते तुला आठवत असेल. त्याच्या दीडपट उष्णता नखाएवढ्या पितळी टर्मिनलवर, प्लास्टिकच्या डबीत, छताच्या आत. तांबं काळं पडतं, काळं पडलं की रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापतं. मागांच्या शेडमध्ये मी असे वितळलेले किटकॅट फ्यूज, जळालेले लग आणि कार्बन धरलेले स्विच पोत्याने बाहेर काढले आहेत. प्रत्येक ठिकाणी मालक सांगायचा, “पण व्होल्टेज तर बरोबर येत होतं.”

येणारच. ०.१ ओहमचा हा दोष तुझ्या मीटरच्या ठिपक्यांत दिसेल का, याचा मी हिशेब करून बघितला. पॉवर ९.२ ची ९.१ च्या खाली जाते, दीड टक्का. आणि कॉइलच बनवताना ५ टक्के वर, १० टक्के खाली चालतं अशी मुभा निर्मात्याला असते. म्हणजे तुझी सगळी मोजमापं शहाण्यासारखी येतील आणि वर छतात स्क्रू जळत असेल. बादली, व्हिडिओ, प्लगचं मीटर, कशानेही तो सापडणार नाही. तो सापडतो नाकाने, डोळ्याने आणि झाकण उघडलेल्या जाणत्या माणसाच्या हाताने.

दोरीच्या स्विचलाच हे का होतं? १० ची केबल ताठ असते. ती छोट्या डबीत कोंबून वाकवली की उलटी जोर लावत राहते आणि स्क्रू हळूहळू ढिला होतो. दुसरं कारण वापरणाऱ्यांचं: शॉवर चालू असतानाच दोरी ओढून बंद करायचा. चाळीस अँपिअर तोडताना दर वेळी आत ठिणगी पडते. आधी शॉवरचं बटण बंद कर, मग दोरी ओढ.

तुला आलेला वास मासळीसारखा होता का, ते आठव. घरात मासे शिजत नसताना तसा वास येणं म्हणजे तापलेलं प्लास्टिक. झाकण पिवळं-तपकिरी झालंय का, स्विचवरचा लाल दिवा मधूनच विझतो का, दोरी ओढल्यावर चरचर ऐकू येते का, हे खालूनच बघ. स्टूल घेऊन वर चढू नकोस आणि झाकणाला हात लावू नकोस. आणखी दोन खुणा लक्षात ठेव. शॉवर चालू केल्यावर सॉकेटवरचं व्होल्टेज पंधरा-वीसने पडलं किंवा उलट वाढलं, किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर दोष रस्त्यावरच्या न्यूट्रलमध्ये असू शकतो. तेव्हा कशालाही हात न लावता १०५ क्रमांकावर फोन कर.

आता कामाचं. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार भाड्याच्या घराच्या वायरिंगची दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचा अहवाल भाडेकरूला देणं घरमालकावर बंधनकारक आहे. दुरुस्ती सांगितली असेल तर ती अठ्ठावीस दिवसांच्या आत करून द्यावी लागते. आजच ई-मेल लिही. अहवालाची प्रत माग, वासाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत कर, शॉवरची केबल किती जाडीची आहे ते विचार आणि स्विच उघडून तपासायला नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन पाठवायला सांग. फोनवर बोलू नकोस, लेखी असू दे. तो येईपर्यंत शॉवर बंद ठेव, पेटीतला त्याचा ब्रेकर खाली पाड आणि बॉयलरच्या गरम पाण्याने बादलीत आंघोळ कर. इलेक्ट्रिशियनने काढलेला जुना स्विच फेकू देऊ नकोस. त्याच्या टर्मिनलचे फोटो काढून मला पाठव.

तुझा,
मामा